एन मापाचा काटो युनिट्रॅक: भाट्याच्या खाऱ्या हवेत सव्वा वर्ष वापरल्यानंतरचा अभिप्राय

जपानच्या काटो कंपनीचा ‘युनिट्रॅक’ नावाचा लघुरेल्वेचा रूळ मी गेले सव्वा वर्ष वापरत आहे. या काळात रत्नागिरीचा एक संपूर्ण पावसाळा त्या रुळाने पाहिला. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या भाट्याच्या घरात धातूची कोणतीही नवी वस्तू आली, की ती एका पावसाळ्यातून सुखरूप बाहेर पडेपर्यंत तिच्याविषयी बरे-वाईट काहीच बोलायचे नाही असा रिवाज आहे, आणि त्यामुळेच हा अभिप्राय लिहायला इतका उशीर झाला. रूळ सुखरूप बाहेर पडला. त्याच्या सोबतीने घेतलेल्या काही वस्तू पडल्या नाहीत. त्यांचा उल्लेख ओघात येईलच.

अभिप्राय कोणाच्या हातांचा आणि डोळ्यांचा आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक असावे, म्हणून थोडे स्वतःविषयी. माझे वय ६७ आहे. भूमी अभिलेख खात्यातून मी निमतानदार म्हणून निवृत्त झालो. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झालेल्या आहेत, उजव्या हाताला किंचित कंप आहे आणि गुडघे जमिनीवर बसू देत नाहीत. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाल्यानंतर भूसंपादनाच्या मोजण्या सुरू झाल्या, तेव्हा संगमेश्वर आणि लांजा तालुक्यांत मी पुष्कळ पायपीट केली. ज्या वरकस जमिनीत काजूच्या झाडांखाली आम्ही मोजणीचे टेबल लावले, त्या जमिनीतून १९९८ च्या जानेवारीपासून मुंबई ते मंगळूर गाड्या धावू लागल्या. मात्र रेल्वेविषयी मला विशेष प्रेम वगैरे होते असे म्हणता येणार नाही. ती गोष्ट निवृत्तीनंतरची. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय आहे, तेथे नातवाला घेऊन गेलो. नातू अर्ध्या तासात कंटाळला आणि मी तिथल्या माणसाने दिवे घालवेपर्यंत उभा राहिलो.

घरी परतल्यावर पहिला प्रश्न मापाचा होता, आणि तो माझ्या जन्माच्या धंद्यातला असल्यामुळे मी त्यात चार दिवस रमलो. लघुरेल्वेत दोन मापे अधिक चालतात. एचओ म्हणजे खऱ्याच्या ८७ वा भाग, त्याचा रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा. आणि एन म्हणजे १६० वा भाग, त्याचा रूळ ९ मिलिमीटरचा. आपल्या हल्लीच्या लांब डब्यांची वीस डब्यांची गाडी धरली, तर एचओ मापात ती साधारण साडेपाच मीटर भरते आणि एन मापात तीन मीटर. आमच्या माजघराची लांबी पाहता प्रश्न तेथेच मिटला. पानवल नदीवरचा पूल सुमारे ६४ मीटर उंच आहे, तो एन मापात ४० सेंटिमीटर होतो, म्हणजे जेवणाच्या मेजावर मावतो. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा मात्र एन मापातही ४० मीटरच्या वर जातो, म्हणजे आमच्या ओटीपासून निघून शेजाऱ्यांच्या माडांत बाहेर पडेल. असे हिशेब मांडून सौभाग्यवतींना ऐकवण्यात जो आनंद होता तो त्यांना तितकासा वाटला नाही, हे येथे प्रामाणिकपणे नमूद करतो.

आता रुळाविषयी. पारंपरिक पद्धतीत सुटा रूळ आणून त्याखाली बुचाची पट्टी चिकटवावी लागते, बारीक खिळ्यांनी तो ठोकावा लागतो आणि वर खडी पसरून गोंद सोडावा लागतो. कंप असलेल्या हाताला यातले एकही काम धड जमत नाही. मी प्रयत्न केला आहे. युनिट्रॅकमध्ये रूळ, स्लीपर आणि खडीचा करडा भराव हे सर्व एकाच तुकड्यात घट्ट बसवलेले येते. दोन तुकडे सपाट पृष्ठभागावर समोरासमोर ठेवून सरळ रेषेत दाबले की ‘खट्’ असा स्पष्ट आवाज होतो आणि जोड बसतो. टोकाशी ‘युनिजॉइनर’ नावाचा प्लॅस्टिकचा जोड असतो, त्याच्या पोटातील धातूच्या पट्टीतून वीज पुढे जाते, आणि तो सैल झाला तर रूळ फेकून न देता तेवढा जोड बदलता येतो. हा ‘खट्’ आवाज तरुण माणसाला किरकोळ वाटेल. ज्याला जोड बसला की नाही हे डोळ्यांनी खात्रीने दिसत नाही, त्याच्यासाठी तो या सबंध मालातील सर्वांत मोलाचा भाग आहे. सोडवताना मात्र तुकडे टोकाजवळ धरून सरळ ओढावेत. मधे धरून वाकवले तर जोडाचे प्लॅस्टिक दुखावते. पहिल्या महिन्यात मी असे तीन जोड घालवले आणि तो दोष सर्वस्वी माझ्या घाईचा होता.

मापांची रचना पाहून मी मनोमन हात जोडले. सरळ तुकडे ६२, १२४, १८६ आणि २४८ मिलिमीटरचे, म्हणजे ६२ चा सरळ पाढा. वळणांच्या त्रिज्या २८२, ३१५ आणि ३४८, म्हणजे प्रत्येक दोहोंत ३३ चे अंतर, आणि दुहेरी मार्गाच्या दोन रुळांमध्येही तेच ३३. आमच्या खात्यात जुनी साखळी ३३ फुटांची, तिचे आणे सोळा, आणि गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व तितकाच रुंद चौरस. जपानी माणसाला गुंठ्याशी काही कर्तव्य नसणार हे मला कळते. तरीही पेटी उघडल्यावर हा आकडा दिसला तेव्हा परक्या गावात ओळखीचा माणूस भेटावा तसे झाले, आणि कागदावर आराखडा काढण्याची जुनी सवय त्याच रात्री परत आली.

या वळणांविषयी एक इशारा देतो. ३१५ मिलिमीटरची त्रिज्या खऱ्या मापात ५० मीटर होते. कोकण रेल्वेची आखणी करताना वळणाची त्रिज्या १२५० मीटरपेक्षा कमी घ्यायची नाही असे धोरण होते, आणि ते एन मापात आणायचे तर पावणेआठ मीटरची त्रिज्या लागेल. म्हणून लांब डबे या वळणावर धावतात हे खरे असले, तरी आतल्या बाजूने पाहिल्यास दोन डब्यांमध्ये पाचरीसारखी फट दिसते आणि गाडी कोपऱ्यात अंग चोरून वळल्यासारखी वाटते. ज्याला जागा आहे त्याने मोठे वळण घ्यावे. ज्याला नाही त्याने वळण डोंगराआड लपवावे. कोकणात डोंगर दाखवायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

मी एकट्यानेच हे सर्व केले असते तर वरील परिच्छेदापाशीच थांबलो असतो, कारण पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून नुकसान झाले. रुळाबरोबर वीजनियंत्रकही हवा होता. तो मी एका विक्रेत्याकडून वापरलेला घेतला. मूळ जपानमधल्या बाजारासाठी बनलेला तो माल होता, जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची असते, आणि आपल्याकडे २३०. विक्रेत्याने याविषयी अवाक्षर काढले नाही. मीही बुडाशी छापलेली बारीक अक्षरे भिंग घेऊन वाचली नाहीत. चपट्या पिनांना आपला जोड लावून बटण दाबले, जळक्या बेकेलाइटसारखा वास आला आणि सर्व शांत झाले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांतील बारीक अक्षरे वाचून त्यांच्या चुका दाखवलेल्या माणसाला याची किती लाज वाटली ते लिहीत नाही. कोणी जपानी नियंत्रक घेणार असेल, तर १०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा, किंवा नियंत्रक येथलाच घ्यावा. एन मापाच्या इंजिनाला रुळातून १२ व्होल्टपर्यंतचा एकदिश (डीसी) प्रवाह पुरतो; व्होल्टेज वाढवले की वेग वाढतो आणि धन-ऋण उलटे केले की गाडी उलटी धावते. यात गूढ असे काही नाही.

हे मला समजावून सांगितले ते लांज्याला टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका चाळिशीच्या गृहस्थांनी, आणि ते भेटले महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जमणाऱ्या आमच्या लघुरेल्वेच्या हौशी मंडळींत. या मंडळींना नाव नाही, वर्गणी नाही. रत्नागिरीजवळच्या नाचणे गावी एकाच्या घराच्या वरच्या मजल्यावर चौदा-पंधरा जण जमतात. कोणी चिपळूणहून, कोणी देवरुखहून, एक तर कणकवलीहून सकाळच्या गाडीने येतो आणि रात्री गाडीने परततो. बहुतेकांचे वय माझ्या मुलापेक्षा कमी आहे. पहिल्या बैठकीत त्यांनी मला ‘साहेब’ म्हणून एकुलती एक हातांची खुर्ची दिली, चहा आधी मला दिला आणि पुढचे तीन तास माझ्याशी कोणी काही बोलले नाही. त्यांचा उद्धटपणा त्यात नव्हता. ज्येष्ठ माणसाला काही शिकवायचे कसे हा त्यांच्यापुढचा पेच होता, आणि काही विचारले तर आपले अज्ञान उघडे पडेल हा माझ्यापुढचा. दुसऱ्या बैठकीतही तसेच झाले. तिसऱ्या वेळी मी जळलेला नियंत्रक पिशवीतून काढून मेजावर ठेवला आणि काय झाले ते सांगितले. कोणी हसले नाही. लांज्याच्या गृहस्थांनी तो उघडला, वास घेतला आणि म्हणाले, “काका, हा गेला. पण घाबरू नका, माझाही पहिला असाच गेला.” त्या दिवसापासून मी काका झालो आणि खुर्ची ज्याला कंबरदुखी आहे त्याच्याकडे गेली.

पुढच्या महिन्यात त्यांनी मला बाजारात सहज मिळणारा १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि वेग बदलण्याचे छोटे सर्किट एका प्लॅस्टिकच्या डबीत बसवून दिले. दिशेसाठी वेगळा खटका आहे, आणि शून्याची जागा बोटाला लागावी म्हणून बटणावर त्यांनी एम-सीलचा ठिपका केला आहे. नव्या नियंत्रकाच्या मानाने याचा खर्च नगण्य झाला. मंद वेगात इंजिन थोडे गुणगुणते, त्याला माझी हरकत नाही.

आता पावसाळा. रत्नागिरीत चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि भाट्यासारख्या ठिकाणी त्यात खारा वारा मिसळतो. कपाटाच्या बिजागऱ्या, देवघरातली पितळी समई, शिवणयंत्राची सुई, सर्वांवर काही ना काही चढते. युनिट्रॅकचा रूळ निकेल-सिल्व्हर या मिश्रधातूचा आहे. त्यात नावाखेरीज चांदी कोठेच नाही, तांबे, निकेल आणि जस्त आहे. तो पोलादासारखा गंजत नाही. जुलैअखेरपर्यंत माझ्या रुळावर लाल ठिपका दिसला नाही. परंतु गाडी अडखळू लागली, इंजिनाचा दिवा लुकलुकू लागला, आणि बोटाने रूळ पुसला तर बोट काळे होऊ लागले. चाक आणि रूळ यांच्यात बारीक ठिणग्या पडतात, त्यांचा काळा थर बसतो, आणि दमट हवेत तो लवकर चिकटतो, असे मला सांगण्यात आले. मी प्रथम काचकागद घेतला होता. तो देवरुखच्या मुलाने हातातून काढून घेतला. काचकागदाने रुळावर सूक्ष्म चरे पडतात आणि मग घाण त्या चऱ्यांत घर करते. पांढऱ्या सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ पुसणे, तसेच चाके पुसणे, हा खरा उपाय. चाके पुसायला लोक विसरतात आणि मग रुळाला दोष देतात. पुसून झाल्यावर मऊ शिशाची पेन्सिल रुळाच्या माथ्यावरून एकदाच हलक्या हाताने फिरवली, तर काही दिवस गाडी सुरळीत धावते. जास्त फिरवली तर चढावर चाके घसरतात. पावसाळ्यात मी दर चार दिवसांनी रूळ पुसत असे, आणि ऑक्टोबरनंतर पंधरा दिवसांनी एकदा पुरते. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक वेगळे असते, तसे आमच्या माजघरातील गाड्यांचेही झाले आहे.

रुळापेक्षा जोडांची काळजी मला अधिक वाटते. लांब मार्गावर प्रत्येक जोडाशी थोडा थोडा विरोध वाढत जातो आणि पलीकडच्या टोकाला गाडी मंदावते. म्हणून एकाच ठिकाणी वीज न देता दर दीड-दोन मीटरवर द्यावी. त्यासाठी कंपनीचा तारा लावलेला तयार जोड मिळतो, त्याच्या निळ्या आणि पांढऱ्या तारा असतात, आणि निळी सर्वत्र एकाच बाजूच्या रुळाला लागेल एवढे पाहिले की झाले. गाडी बंद असताना मी सर्व तुकडे सोडवून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो. तो डबा मूळचा पापडांचा. “अहो, यंदा पापड काय तुमच्या त्या बोगद्यात वाळत घालू?” असा प्रश्न मे महिन्यात विचारण्यात आला होता. बोगद्यात तेव्हा पाल राहत होती. अखेर दुसरा डबा आणला.

रुळाखालच्या फळीच्या बाबतीत मी फसलो. दुकानदाराने ‘वॉटरप्रूफ’ म्हणून दिलेला प्लायवूड ऑगस्टमध्ये एका कोपऱ्यातून सुटला आणि पुरीसारखा फुगला. नंतर कळले की एमआर म्हणून विकला जाणारा प्लायवूड केवळ ओलावा सहन करतो; आपल्याकडे बीडब्ल्यूपी, म्हणजे आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लायवूड घ्यावा, कापलेल्या कडांना रंग किंवा वॉर्निश पाजावे, आणि शिक्का स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. युनिट्रॅकला स्वतःचा कडक भराव असल्यामुळे फळी फुगूनही रूळ मोडला नाही. खिळ्यांनी ठोकलेला असता तर नवाच घ्यावा लागला असता.

मंडळींत माझे नाव झाले ते एका फजितीमुळे. आपल्या रेल्वेच्या दुतर्फा जांभ्याचे लाल कातळ उभे आहेत, तेव्हा देखाव्यासाठी रंग कशाला विकत घ्यायचा, असे मला वाटले. परसातला जांभ्याचा चिरा फोडला, पाट्यावर वाटला, जुन्या मलमलीतून दोनदा चाळला आणि कुंकवासारखी मऊ पूड बरणीत भरून मोठ्या अभिमानाने नाचण्याला नेली. सर्वांनी रंग वाखाणला. मग चिपळूणची एक मुलगी, वास्तुकलेची विद्यार्थिनी, काहीशा संकोचाने म्हणाली, “काका, एक मिनिट हं.” तिने पर्सच्या चापातले लोहचुंबक कागदात गुंडाळून पुडीवरून फिरवले. ते वर उचलले तेव्हा त्याला साळिंदराच्या पाठीसारखे बारीक काटे उभे राहिले होते. जांभ्यात लोह असते हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. त्यातला काही अंश चुंबकाला चिकटतो, आणि इंजिनाच्या पोटात मोटारीचे चुंबक असते, हे दोन मुद्दे माझ्या डोक्यात एकत्र आले नव्हते. ही पूड रुळाकाठी पसरली असती तर तिचे कण महिनाभरात मोटारीत जाऊन बसले असते. आम्ही तिघांनी मिळून दुपारभर पुडीतून चुंबक फिरवले, जे चिकटले ते टाकले, उरलेली पूड पातळ गोंदात कालवून रुळापासून दूरच्या उतारावर लावली आणि रुळालगत रंगवलेला भुसा वापरला. बाहेरून आणलेली कोणतीही माती वापरण्यापूर्वी तिच्यावरून लोहचुंबक फिरवून पाहणे, याला आता आमच्याकडे ‘काकांची मोजणी’ म्हणतात.

उलट दिशेनेही थोडे गेले. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणाऱ्या तुकड्याला ते सर्व जण ‘पॉइंट’ म्हणत. मी सवयीने ‘सांधा’ म्हणत असे, कारण आमच्या लहानपणी प्रत्येकाला सांधेवाला व्हायचे असे. आता कणकवलीचा तो तरुणही “काका, तुमचा सांधा अडकलाय,” असे म्हणतो. सांध्यांविषयीही दोन वाक्ये लिहायला हवीत. युनिट्रॅकचे विजेवर चालणारे सांधे चार नंबरचे आणि सहा नंबरचे असे दोन प्रकारचे मिळतात. लहान जागेत चार नंबर बसतो, परंतु लांब गाड्यांना सहा नंबरचे सौम्य वळण बरे. यंत्रणा भरावाच्या आतच लपलेली असल्याने फळीला भोक पाडावे लागत नाही, ही माझ्यासारख्याला मोठीच सोय आहे. सांधा बदलण्याचा झटका क्षणाचाच द्यायचा असतो. खटका दाबून धरला तर आतली गुंडाळी तापते.

आणखी एका क्षुल्लक वस्तूचे गुण गाणे भाग आहे. रुळावर ठेवायची प्लॅस्टिकची एक उतरण मिळते. डबा तिच्यावर ठेवून हलकेच ढकलला की चाके आपोआप रुळावर जाऊन बसतात. ९ मिलिमीटरच्या रुळावर आठ चाकांचा डबा बोटांनी बसवणे हे माझ्या हातांना कधीच जमले नसते, आणि उतरण नसती तर मी हा नाद पहिल्याच महिन्यात सोडला असता. पेटीत ती नसेल तर वेगळी मागवावी.

त्रुटी सांगायच्या तर पहिली किमतीची. खेळण्यांवरचे मूळ आयातशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ साली ७० टक्के. सीमाशुल्काच्या दृष्टीने लघुरेल्वे हे खेळणेच. त्यामुळे आमची मंडळी वर्षातून दोनदा एकत्र यादी करतात आणि एकत्र मागवतात, म्हणजे निदान टपालखर्च वाटला जातो. दुसरी त्रुटी दिसण्याची. भराव सर्वत्र एकसारखा करडा आहे, आणि आपल्याकडची काळ्या पाषाणाची खडी डोळ्यांना सवयीची असल्याने तो खटकतो. पातळ काळपट रंगाचा हात दिल्यावर बराच फरक पडतो. रंग रुळाच्या माथ्यावरून आणि जोडांतून लगेच पुसावा. तिसरी त्रुटी या कंपनीच्या हातची म्हणता येणार नाही, पण सांगतो. ९ मिलिमीटरचा रूळ १६० पट केला तर १४४० होतो, म्हणजे जपानी बुलेट ट्रेनचा आणि युरोपचा रूळ. आपला रूळ १६७६ मिलिमीटरचा, तो एन मापात साडेदहा मिलिमीटरच्या जवळ यायला हवा. आपली गाडी या रुळावर ठेवली की ती दीड मिलिमीटर अरुंद पायांवर उभी राहते. मोजणीदाराच्या डोळ्याला हे दिसते. इतरांना दिसत नाही असे ते सर्व शपथेवर सांगतात.

आपल्या इंजिनांच्या प्रतिकृती काटो बनवत नाही. त्यावर मंडळींनी काढलेला मार्ग असा, की डब्ल्यूडीजी-४ हे आपले मालगाडीचे डिझेल इंजिन मूळ अमेरिकेच्या ईएमडी कंपनीच्या रचनेचे आहे, आणि त्याच घराण्यातल्या एसडी-७० मॅक इंजिनाची प्रतिकृती काटोने एन मापात बनवलेली आहे. तिचे वरचे कवच उतरवून देवरुखचा मुलगा त्रिमितीय छपाईयंत्रावर छापलेले आपले कवच चढवतो. लांबी थोडी जास्त भरते, ती आम्ही चालवून घेतो. २०२२ साली कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाल्यापासून खऱ्या रुळावर डिझेलचा तो घुमणारा आवाज कमी ऐकू येतो. माझ्याकडे मात्र अजून तारा टाकलेल्या नाहीत आणि टाकण्याचा विचारही नाही, कारण त्या तारा पुसायच्या कोणी?

सध्या हातात असलेले काम एका लहान पेटीचे आहे, आणि युनिट्रॅक घ्यावा असे मी कोणाला सांगेन ते मुख्यतः या पेट्यांमुळे. जपानमध्ये ‘टी-ट्रॅक’ नावाची पद्धत सुरू झाली. प्रत्येकाने घरी एक छोटी पेटी बनवायची, तिच्यावर ठरलेल्या जागी युनिट्रॅक लावायचा, आणि जमल्यावर मेजावर पेट्या शेजारी शेजारी लावून रुळ ‘खट्’ करून जोडायचे, म्हणजे सर्वांचा मिळून एक लांब मार्ग तयार होतो. पेटीची उंची खालच्या बोल्टांनी जुळवता येते. घरात जागा नसली तरी चालते, आणि माझ्यासारख्याला ती पिशवीत घालून रिक्षाने नेता येते. मी जांभ्याच्या कापातून जाणारा रूळ दाखवायचे ठरवले. २००३ साली वैभववाडीजवळ आणि २००४ साली करंजाडीजवळ दरडींमुळे मोठे अपघात झाल्यानंतर अशा कापांवर जाळ्या बसवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले, आणि त्या जाळीशिवाय आपला काप खरा वाटत नाही. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा राखाडी रंगात बुडवून तो मी कातळावर ताणून बसवला. हे जाळीचे काम चांगले झाले आहे असे मला वाटते, आणि कोणी पाहिले तर त्याने काही म्हणण्याआधी मीच सांगतो.

पेटीच्या रुंदीचा हिशेब मी असा केला: २४८ आणि ६२ मिळून ३१०, म्हणून पेटी ३१० मिलिमीटर. मरीन प्लायवूड, कडांना वॉर्निश, कोपरे काटकोनात, सर्व पक्के. गेल्या रविवारी ती दोन पेट्यांच्या मध्ये ठेवली तर रुळांचे जोड केसाएवढे अंतर राखून समोरासमोर थांबले. ‘खट्’ झालेच नाही. चिपळूणच्या त्या मुलीने पट्टी लावून पाहिली आणि म्हणाली, “काका, पेटी ३०८ ची असते. रूळ दोन्हीकडे एकेक मिलिमीटर बाहेर ठेवायचा.” नोकरीच्या काळात वीतभर बांधासाठी भाऊ भाऊ कचेरीत एकमेकांच्या अंगावर धावून गेलेले मी पाहिले आहेत, आणि दोन मिलिमीटरच्या अतिक्रमणाबद्दल मला कोणी काही बोलले नाही, कणकवलीच्या तरुणाने फक्त रंधा पुढे केला. दोन्ही बाजूंचा एकेक मिलिमीटर काढून झाला आहे, कडा पुन्हा उघड्या पडल्याने वॉर्निशचा पहिला हात काल दिला, आणि दुसरा हात पाऊस सुरू होण्यापूर्वी द्यायचा आहे.